आई म्हणते ते नाव

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडू लागल्या की ती घटना हटकून आठवते.

तेव्हा मी माजलगाव भागातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. दुपारी बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रकाचा फोन आला. नऊ-दहा वर्षांची मुलगी एका माणसाबरोबर बसलीय, तो सारखा बोलतोय आणि ती दप्तर कवटाळून गप्प आहे. दोघांना ठाण्यात आणून स्टेशन डायरीला नोंद घेतली.

"मी मामा हाय हिचा," तो म्हणाला. "बहीण ऊसतोडीला फडावर हाय, लेकीला बघायचंय म्हनली."

आईच्या बोटाला लागलेला कोयता, जाताना तिने दिलेली साडीची गोधडी, मुलीचं लाडाचं नाव, सगळं त्याने सांगितलं आणि मुलीने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. मी त्याला सोडणारच होतो. पण पुन्हा विचारलं तरी शब्दन् शब्द तोच. घरचा माणूस सांगताना अडखळतो, मध्येच भलतंच काही आठवतो. हा धडा म्हणून दाखवत होता.

मुलीच्या वहीवरून शाळेचं नाव कळलं होतं, तिथे फोन केला होता; तेवढ्यात मुलीची आजी आणि तिचे गुरुजी पोचले. "असला कुनी मामा न्हाई हिला," आजी म्हणाली. त्या माणसाने काय सांगितलं ते ऐकताच गुरुजींनी मोबाइलवर मुलीचा 'माझी आई' हा निबंध दाखवला. त्या माणसाचा अख्खा जबाब त्यात होता.

गुरुजी भला माणूस. वह्या तपासायला त्यांनी निबंधांचे फोटो एका एआय ॲपमध्ये टाकले होते, नाव-गावासकट. ॲप चुका काढायचं, शिवाय निबंध वाचूनही दाखवायचं. आईबापांना ऐकता यावं म्हणून त्यांनी लिंक फडावरच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवली. ती कुणालाही उघडत होती, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ग्रुपमागून ग्रुप फिरत ती या माणसापर्यंत गेली. त्याच्या मोबाइलमध्ये ती सापडली तेव्हा मुलीला पळवून नेत असल्याचं त्याने कबूल केलं.

महिला अंमलदाराने साध्या कपड्यांत मुलीचा जबाब घेतला.

"मामा न्हाईत, हे ठाव होतं ना तुला?"

"व्हय."

"मंग गेलीस कावून?"

"आई म्हनती त्या नावानं हाक मारली त्यांनी. आई गेल्यापासून तसं कुनीच म्हनलं न्हाई."

मला त्या खोलीत थांबवेना.

लिंक बंद करवून मी मुलीच्या आईला फोन लावला. ती रडली, मग हळूच म्हणाली, "सायेब, मी रोज ऐकत व्हते ते. आता काय ऐकू?" तिचा प्रश्न मी तसाच गुरुजींना सांगितला. पुढे गुरुजी रोज शाळा सुटताना मुलीला आईशी बोलायला आपला फोन देऊ लागले.

खाजगी माहिती म्हणजे आधार नंबर, मोबाइल नंबर, असं मी समजत होतो. लेकराला कशाची ओढ आहे, हे ज्याला कळलं त्याच्यामागे ते लेकरू मुकाट जातं, हे त्या दिवशी कळलं. मुलीचं ते नाव म्हणूनच मी इथे लिहिलेलं नाही.

मलाही माझी आई एका नावाने हाक मारायची. ती गेल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तेही लिहिणार नाही.