शीटखालचं पाणी

शीटखाली परत पाणी होतं. मी गुडघ्यावर बसून टेप सोडवली, प्लॅस्टिक उचललं आणि त्याला चिकटलेले थेंब ओघळून काँक्रीटवर पडले. शेजारी उभ्या नरेशने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मॅडम, आता परत थांबायचं?"

"थांबायचं."

"तुमी मागच्या टायमाला पण हेच बोल्लात."

बोलले होते खरी. मी फ्लोअरिंगची कामं करते, बहुतेक गोदामांची. गोदामांत इपॉक्सी असते. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतला जाड रंग. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र करून पसरले की घट्ट होतात, चमकतात आणि ऑइल सांडलं तरी फडक्याने पुसून निघतं. तिचं वैर फक्त ओलीशी. काँक्रीट ओलं असताना मारली तर आज ना उद्या फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून आधी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवायचा. खाली थेंब जमले तर काम नाही. या टेस्टपुढे कुणाचा वशिला चालत नाही.

घरच्या गॅरेजला इपॉक्सी सहसा कुणी मागत नाही. सापगावला नरेशच्या नव्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्याला तेच सांगितलं. पार्किंग टाइल लाव, तिला खाचा असतात, पाय घसरत नाही. नाहीतर ओल्या काँक्रीटवर खराटा ओढून खरखरीत ठेव, पुढे बघायला नको. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, गोदामात लागलो तवापासून तसल्या फ्लोअरवर चालतोय," तो म्हणाला. "फोर्कलिफ्टचा डाग पडला का वाकून पुसतोय. आता तसाच फ्लोअर माझ्या घरात पायजे. माझ्या गाडीखाली."

यावर मी वाद घातला नाही. मला ते पटलं होतं.

गॅरेज घराला लागून असलेल्या भाताच्या खाचरावर उभं राहिलं. बाकीची जमीन थोडी वाटण्यांत गेली होती, थोडी रस्त्यात. हे एक खाचर राहिलं होतं, तेही मुरूम टाकून भरून घेतलं. नरेशचे वडील, काळूबाबा, डंपर रिकामे होत होते तेव्हा दिवसभर ओट्यावर बसून होते, असं नरेशच म्हणाला.

काँक्रीट घातल्यावर क्युरिंग करावं लागतं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं, पण ते पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून त्यावर मातीचे छोटे बांध घालून पाणी तुंबवून ठेवतात. माझी माणसं बांध घालायला लागली, तसे काळूबाबा ओट्यावरून उठून आले. माती हातात घेऊन मळली आणि स्वतःच बांध घालायला बसले. संध्याकाळी बघितलं तर गॅरेजमध्ये चार चौकोनी वाफे पाण्याने भरले होते.

"बाबा, पाणी आटू देऊ नका हां," मी सहज म्हणाले.

"नाय आटायचं, बाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

क्युरिंग झालं. माणसांनी बांध काढले, फरशी धुतली. आता सुकू द्या, असं मी घरात सगळ्यांना सांगून आले. गॅरेज सुकेना.

पहिल्यांदा वाटलं, थंडीचे दिवस आहेत, वेळ लागेल. मग होळी झाली, उन्हं तापली, तरी शीटखाली थेंब होतेच. मला मुरमाचा संशय आला. काँक्रीटच्या खाली आम्ही जाड प्लॅस्टिक अंथरलं होतं, ते कुठे फाटलं असेल का? पण मग जिथे फाटलं तिथे ओल जास्त दिसली असती. इथे चारी कोपऱ्यांत सारखीच. नरेशची चिडचिड वाढली. गाडी शोरूममधून आली होती आणि बाहेर ताडपत्रीखाली उभी होती. ती बघायला येणारा प्रत्येक जण गॅरेजचं विचारायचा. तो मला म्हणाला, "तुमाला जमत नसंल तर तसं सांगा." हे मला झोंबलं.

एकदा मुरबाडच्या साइटवर जायचं होतं म्हणून सकाळी लवकर निघाले आणि वाटेत सापगावला वळले. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत बघितलं. काळूबाबा धोतर खोचून, हातात पाइप घेऊन उभे होते. पाणी एका बाजूने सोडत होते आणि पायाने हळूहळू पुढे सारत होते. माझ्या शीटच्या कडेने ते पाय जपून टाकत होते.

"बाबा, क्युरिंग कधीच संपलं."

ते दचकले नाहीत. पाइप तेवढा खाली धरला.

"ठाव हाय. तुझी कागदं नाय हालवली मी."

"मग पाणी का घालताय?"

"येड लागलं आसं नको समजू, बाय. शिमेट हाय, दिसतं मला. पण जलमभर पहाटचा उठलो का पान्याकडं गेलो. आता उठून जाऊ कुठं?"

त्यांनी पाणी खराट्याने दाराबाहेर लोटलं, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि घरात गेले. तासाभरात वरून सगळं कोरडं दिसणार होतं.

मी नरेशला सांगितलं. सांगावंच लागलं, नाहीतर तो फ्लोअर कधीच झाला नसता. तो आधी हसला, मग संतापला. बापाला काही बोलला नाही. शटरला कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली.

गॅरेज सुकलं. मी शीट लावली आणि दुसऱ्या दिवशी काढली तर ती कोरडी ठणठणीत. इतक्या खटपटीनंतर कोरडी शीट बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी माणसं आणि माल घेऊन पोचले, तेव्हा नरेश ओट्यावर डोकं धरून बसला होता.

"मॅडम, जरा थांबा. बाबा उठत नाय."

"बरं नाही का?"

"ताप नाय, काय नाय. डाक्टर बघून गेला. कुलूप लावलं तवापासून पडूनच हायेत."

मग तो आत गेला आणि बाबांना हाताला धरून बाहेर घेऊन आला. ते निम्मे झाले होते. नरेशने शटर वर केलं, खिळ्यावरचा पाइप काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"घाला पानी, बाबा. रंग ऱ्हाऊ दे."

माझी माणसं डबे हातात घेऊन उभी होती. काळूबाबांनी फरशीवर पाऊल ठेवलं, अंगठ्याने थोडं खरवडलं आणि पाइप नरेशच्या हातात परत दिला.

"सुकलं आता ते," ते म्हणाले. "मार तुजा रंग."

नरेशने माझ्याकडे बघितलं. त्याने पाइप गुंडाळून परत खिळ्याला अडकवला. मग म्हणाला, "करा, मॅडम." आम्ही प्रायमर मारला, मग दोन हात इपॉक्सी. फ्लोअर सुंदर झाला. नरेशने गाडी आत लावली आणि शटर खाली ओढून घेतलं.

पावसाळ्यानंतर काम तपासायला जायची माझी पद्धत आहे. खाचराच्या जागी पाणी वर येईल अशी मला धाकधूक होती. कुठे फोड नव्हता, की पापुद्रा नव्हता. निघताना घरात डोकावले. काळूबाबा खाटेवरच होते. मला ओळखलं.

"पानी वर आलं का गो?"

"नाही बाबा. एक थेंब नाही."

"मंग काम चांगलं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे कूस बदलली.

ओल कुठून येते ते सापडल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका, असं मी नव्या सुपरवायझरांना शिकवते. सापडल्यावर पाणी बंद करायचं, हेही शिकवते. सापगाव आठवतं तेव्हा दुसरं वाक्य जरा अडखळत येतं.