बागेत माणसं आली

आमच्या अण्णांना माणसांचा आवाज सहन होत नसे. वडिलांबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण खरं ते खरं. कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सची नोकरी, त्यामुळे दिवसभर क्रेन, भोंगे आणि हमालांचा आरडाओरडा. घरी आल्यावर आईने भांडं जरा जोरात ठेवलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. आठवड्याचे सहा दिवस ते रविवारची वाट बघत. रविवारी सकाळी मला घेऊन सियालदा स्टेशनवरून बराकपूरची गाडी पकडत. तिथे गंगेच्या काठी एक जुनी बाग होती.

बागेचा मालक कलकत्त्यातच राही आणि वर्ष वर्ष तिकडे फिरकत नसे. गोदीतल्या कामामुळे त्याची अण्णांशी ओळख झालेली, म्हणून फाटकावरचा माळी आम्हाला आत सोडी. आत एक मोडकळीला आलेला बंगला, एक तळं, आणि बाकी सगळी झाडंच झाडं. अण्णांचा जन्म कलकत्त्यातला, त्यामुळे झाडांची नावं त्यांना बंगालीत ठाऊक, मराठीत नाहीत. याची त्यांना फार खंत होती. मग ते पान, फूल वहीत दाबून वाळवत आणि साताऱ्याच्या चुलतभावाला पाकिटातून पाठवून विचारत, याला आपल्यात काय म्हणतात. महिन्याभराने उत्तर येई. असं करत करत जारूलचं तामण झालं आणि शिमूलची काटेसावर झाली. आई म्हणायची, पोरीचं बारसंसुद्धा इतक्या हौसेने केलं नव्हतंत.

त्या बागेचं वर्ष मला अजून तोंडपाठ आहे. फाल्गुनात काटेसावर सगळी पानं टाकून नुसती लाल व्हायची आणि मैना तिच्यावर दिवसभर भांडायच्या. वैशाखात तळ्याकाठचं तामण फुलायचं. पावसाळ्यात तळं घाटाच्या चार पायऱ्या गिळायचं, आम्ही पाचवीवर छत्री धरून बसायचो आणि समोर पाणकोंबडी पिल्लं घेऊन हिंडायची. पौषात धुकं असं पडायचं की नदी आहे की नाही कळू नये. अण्णा हे सगळं एका वहीत तारीख घालून लिहीत. स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं, ऐकीव काही नाही, असा त्यांचा दंडक. तीन-तीन तास आम्ही एकमेकांशी बोलत नसू. घरी कुणालाच न मिळणारे अण्णा तिथे माझे एकटीचे असत. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि मला याहून काही नको होतं.

मग एका आश्विनात, दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर आम्ही गेलो, तर तळ्याकाठी बांबूच्या आणि चटयांच्या पाच झोपड्या. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली माणसं. चार महिने सियालदाच्या फलाटावर काढून शेवटी कुंपण तोडून आत शिरली होती. माळी म्हणाला, मी एकटा कुणाकुणाला अडवू? पुढच्या रविवारी नऊ झोपड्या होत्या, आणि खांबांसाठी तामण तोडलेलं होतं. अण्णा त्या बुंध्यापाशी उभे राहिले. आजी गेली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. त्यांनी वही काढून उभ्या उभ्या तारीख घातली, झोपड्या मोजल्या आणि तामण गेल्याचं लिहिलं.

मी मात्र लबाड. अण्णा नदीकडे तोंड करून बसले की मी झोपड्यांकडे पळायचे. तिथे बारिशालकडची एक तरुण बाई होती, कडेवर वर्षाचा मुलगा. मी तिला मासीमा म्हणायचे, म्हणजे मावशी. पारिजातकाखालची जमीन तिने शेणाने सारवली होती, फुलं चिखलात पडायला नकोत म्हणून. आम्ही इतकी वर्षं त्या झाडाखाली जात होतो, पण हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ती मला खुकी, म्हणजे पोरी, म्हणून हाक मारायची, मुठीने चुरमुरे द्यायची आणि गावाकडच्या झाडांबद्दल सांगायची. कुठल्या झाडाला कुठल्या महिन्यात काय येतं हे तिला अण्णांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तेही वहीशिवाय. तुमच्यात शिउलीला काय म्हणतात, असं तिने एकदा विचारलं. मी पारिजातक सांगितलं, तर तिने ते पोराला चार वेळा म्हणून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो.

कार्तिकात मालक रसगुल्ल्यांचं मडकं घेऊन आमच्या घरी आला. जन्मात कधी आला नव्हता. त्याने कोर्टात दावा लावला होता. झोपडीवाले म्हणत होते, आम्ही वैशाखापासून राहतोय. ते खरं ठरलं तर त्यांना इतक्यात हलवता येणार नव्हतं. पावसाळ्यानंतर आले असं ठरलं, तर पोलीस आणून उठवता येणार होतं. आणि तारखेनिशी सांगू शकेल असा भला, सरकारी नोकरीतला माणूस एकच. वहीचं त्याला माळ्याने सांगितलं होतं. मालक म्हणाला, तुमची वही मिळाली तर बाग वाचेल, पुढे एका पानाला कुणी हात लावणार नाही.

बातमी बागेत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी मासीमाने माझा हात धरला. ती म्हणाली, "खुकी, तुझ्या बाबांना सांग. खोटं बोलू नका. फक्त आठवत नाही म्हणा."

रात्री जेवताना मी अण्णांना हे सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "मी पाहिलं तेच लिहिलंय. आठवत नाही कसं म्हणू?"

आई वाढता वाढता थांबली. "अहो, त्यांची घरं जातील. तुमचं काय जाणार आहे? एक रविवार."

अण्णा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. आयुष्यात एक खोटी सही केली नाही म्हणून गोदीत त्यांचं नाव होतं. आई तीन दिवस त्यांच्याशी भांडली. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. माझ्याकडेही बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मी रडले असते, हट्ट धरला असता, तर अण्णांनी कदाचित ऐकलं असतं. ते माझं ऐकत. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, कारण मलाही बाग परत हवी होती. तीन तास न बोलणारे अण्णा मला परत हवे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

अण्णा कोर्टात गेले आणि वही वाचून दाखवली. त्यांना फारसे प्रश्नही विचारले नाहीत म्हणे. पौषात पोलीस आले. आम्ही तिथे नव्हतो, माळ्याने नंतर सांगितलं. सकाळच्या धुक्यातच सगळं उठवलं, चटया तळ्यात फेकल्या, आणि त्या थंडीत बायका-पोरं सगळा दिवस रस्त्याच्या कडेला बसून होती.

वर्ष उलटायच्या आत मालकाने सगळी झाडं तोडून तिथे प्लॉट पाडले. हे ऐकून लोकांना बरं वाटतं, जशास तसं झालं म्हणतात. मला नाही वाटत बरं. अण्णांची बाग गेली म्हणून त्या नऊ घरांची भरपाई झाली का? आणि मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे.

बाग मोकळी झाल्यावर पहिल्यांदा जायला निघालो तो फाल्गुनातला रविवार होता. आईने त्या दिवशी डबा भरला नाही. सियालदाला फलाटभर माणसं पसरलेली. चटयांना चटया लागलेल्या, विटांच्या चुली धुमसत होत्या, पाय ठेवायला जागा नाही. गाडी लागलेली दिसत होती, पण तिच्यापर्यंत जायचं कसं कळेना. अण्णा घड्याळ बघत उभे राहिले.

तेवढ्यात मला मासीमा दिसली. चुलीपाशी बसली होती. कडेवर मूल नव्हतं, चटईवर नव्हतं, आसपास कुठेच नव्हतं. तिने आम्हाला ओळखलं. अण्णांनीही तिला ओळखलं, कारण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात एकदम जड झाला. मुलगा कुठे आहे हे मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

ती उठली आणि शेजारणींना म्हणाली, "जरा सरून बसा ग. बाबूंना वाट द्या. बागेत जायचं असतं त्यांना रविवारी, गाडी चुकेल."

टोमणा असता तर मी आजवर तिला मनातल्या मनात उलट उत्तरं दिली असती. तो टोमणा नव्हता. आमची गाडी चुकू नये असं तिला खरंच वाटत होतं.

बायकांनी पाय आखडून घेतले. एकीने झोपलेल्या म्हातारीला चटईसकट बाजूला ओढलं. वीतभर वाट झाली. अण्णांनी माझा हात धरला, आणि आम्ही त्या वाटेने गेलो. गाडी मिळाली.