बिनआवाजाच्या संगणकाची अकरावी यादी

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ताईची स्टीलची पट्टी उघड्या कॅबिनेटमध्ये उभी होती. मदरबोर्डपासून बाजूच्या काचेपर्यंत एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर. खोक्यातला, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर एकशे पासष्ट. तिने पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली. सात मिलिमीटर काही लाजून कमी झाले नाहीत.

"नाही बसणार," ती म्हणाली.

बाजारात तिला 'नाहीताई' म्हणतात ते यामुळेच. वय सत्तेचाळीस, सुटे भाग जोडून खेळांसाठीचे दांडगे संगणक बनवण्याचा धंदा एकोणीस वर्षांचा. गिऱ्हाईक भाग निवडतं तेव्हा रंग बघतं, दिवे बघतं, कुणाच्या मेव्हण्याने काय घेतलं ते बघतं. एकाचं दुसऱ्याशी जमेल का, हे बघणं ताईच्या कपाळी. लग्न जुळवणाऱ्यांना निदान जेवायला तरी बोलावतात, असं ती म्हणते.

काउंटरपलीकडे ड्रायव्हरकाका बसले होते. छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना ट्रक चालवायच्या खेळासाठी संगणक हवा होता, स्टिअरिंग आणि पेडल्ससकट. अट एकच, पण ती पहिल्या दिवसापासून धरून बसलेले: आवाज येता कामा नये. "काकूला खपत नाही. जरा घरघर झाली की तिचं डोकं उठतं."

या अटीपायी तीन आठवड्यांत दहा याद्या झाल्या होत्या. पहिलीत ग्राफिक्स कार्ड भलंमोठं आणि कॅबिनेट डब्याएवढं. कार्ड तीन सेंटिमीटर बाहेर. कॅबिनेट मोठं केलं, तर काकांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून प्रोसेसर बदलला, तो मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसेना. मदरबोर्ड बदलला, तर घेऊन ठेवलेली रॅम चालेना. नवा प्रोसेसर तापट निघाला म्हणून मोठा कूलर, आणि आता कूलर काचेला टेकत होता. पाय झाकावे तर डोकं उघडं.

"मग छोटा पंखा लाव की," काका म्हणाले.

"छोटा पंखा जोरात फिरतो. जोरात फिरला की बोंबलतो. आवाज नकोय ना तुम्हाला?"

"मग पंखाच नको."

ताईने पट्टी खाली ठेवली. "काका, घाटात कधी रेडिएटर काढून ठेवून बस चढवलीत का?"

"बसची गोष्ट वेगळी."

"उष्णता तीच."

"तू फार नाट लावतेस, पोरी."

"मी? शेजाऱ्याचं ऐकून प्रोसेसर कोण बदलून आलं?"

काकांनी विचारात पडल्यासारखं करून खिशातली किल्ली काढली आणि कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवली. ताईने ती लगेच उचलून त्यांच्या हातात दिली. "वर काही ठेवायचं नाही. गरम हवा तिथूनच बाहेर पडते. कितीदा सांगू? गाडी घेऊन आलात की काय?"

"छे! पुतण्याची आहे. तो परगावी असतो, किल्ली माझ्याकडे," असं म्हणून काकांनी ती घाईने खिशात घातली.

अकरावी यादी ताईने स्वतः लिहिली आणि खाली काकांची सही घेतली. म्हणजे बारावीचा प्रश्न नको. रुंद कॅबिनेट, हवा आत ओढायला पुढे चौदा सेंटिमीटरचे दोन संथ पंखे, बाहेर टाकायला मागे एक आणि वर एक, काचेपासून बारा मिलिमीटर सुटा राहील असा कूलर. जोडणी झाल्यावर तिने दोन तास पूर्ण ताण देऊन पाहिला. प्रोसेसर एकाहत्तर अंश, कार्ड अडुसष्ट. कान लावला तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं यंत्र ऐकू आलं, हे नाही. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं. तिने एक चहा जास्त घेतला.

सोमवारी दुपारी चारला संगणक काकांच्या घरी खिडकीशेजारच्या टेबलावर बसला. काकांनी हेडफोन चढवला, ट्रक काढला. वळण आलं की ते खरोखरच्या आरशात बघावं तशी मान फिरवत. काकू स्वयंपाकघरातून तीनदा डोकावून गेल्या. चौथ्यांदा त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

"हा चालू आहे ना गं?"

"चालू आहे, काकू. तुम्हाला आवाज खपत नाही म्हणून तर एवढी यातायात केली."

"मला? मी कधी म्हटलं? अगं, मला आवाजच हवाय!"

आपण चुकीच्या घरात आलो की काय, असं ताईला क्षणभर वाटलं.

काकांच्या उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली होती. गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गेल्या महिन्यात, दुपारी काकू जरा आडव्या झाल्या असताना, ते पुतण्याची गाडी घेऊन गेले आणि फाटकाचा खांब घासून आले. खांबाच्या जागी शेजारची नात असती तर? म्हणून काकूंनीच हा संगणक घ्यायला लावला होता. "घरात बसून काय हवं ते चालवा म्हटलं. आवाज आला की मला आतून कळेल, माणूस जागेवर आहे. आणि तू आणलंस हे असं. जिवंत की मेलेलं, तेच कळत नाही!"

ताईने काकांकडे पाहिलं. दहा याद्या, तीन आठवडे, मिलिमीटर मिलिमीटर मोजलेलं, ते सगळं या गृहस्थाला दुपारी हळूच सटकता यावं म्हणून. काकांचा हेडफोन एका कानावरून सरकलेला होता.

"खरं का, काका?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच ना! काहीच म्हटलं नाहीत."

तिने काकांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः कीबोर्डपुढे बसली. पंख्यांचा वेग तिने कार्डच्या तापमानाला बांधला. साठ अंशांच्या पुढे पूर्ण वेग; खेळ थांबला की मिनिटभरात शांत. जे टाळायला तीन आठवडे घातले, ते करायला पाच मिनिटं लागली.

"आता चालवा."

ट्रक निघाला, चढाला लागला. पंखे घोंगावू लागले. "येतोय गं, येतोय!" आतून काकूंची हाक आली. ताईने खेळ थांबवायला लावला. घोंगावणं उतरलं. "गेला!" पुन्हा हाक.

"आणि चालूच ठेवून उठलं तर?" काकांनी विचारलं, आणि विचारून जीभ चावली.

"तर ट्रक खड्ड्यात जाईल, खेळ थांबेल. मग पंखेही गप्प."

काका पुन्हा बसले. या वेळी हेडफोन घातला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी माल गोदामात उतरवला, ट्रक नीट मागे घेऊन उभा केला, खिशातून किल्ली काढली आणि कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवली.

"वर काही ठेवायचं नाही," ताई म्हणाली. तिने किल्ली उचलली आणि काकूंच्या हातात दिली.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंनी उभ्याउभ्याच पुतण्याला फोन लावला.

उद्या सकाळी नऊ वाजता पुतण्या येऊन गाडी घेऊन जाईल. ताईचं दुकान साडेदहाला उघडतं. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं आहे: कूलर बसो न बसो, पण पांढराच हवा असलेला एक दाताचा डॉक्टर, सहावी यादी घेऊन.