पिवळ्या दगडांची सायकलपट्टी

चार माणसं एकाच गोष्टीला भ्यायला लागली, की किस्से भराभर साचतात. दोन हजार दहाच्या पुढंमागं आमचं तसंच झालं.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळेपासून दवाखान्यापर्यंत पिवळे दगड लावून सायकलींसाठी वेगळी पट्टी राखलेली होती. शेजारून दिवसभर धानाचे ट्रक जात. ती पट्टी काढून पार्किंग करायचं ठरलं. विरोधात आम्ही चौघं: गणिताचे बिसेन सर, नर्स राऊतबाई, दूध घालणारे कटरेमामा आणि मी, शाळेचा लॅब असिस्टंट. रोज सकाळी टपरीवर भेटायचो. आधी "जेसीबी आली का?" हे विचारायचं, मग चहा!

* * *

निवेदन घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "आजकाल सायकल चालवतो कोण?"

मामा हात जोडून म्हणाले, "मी चालवतो ना साहेब. आताच सायकलनं आलो."

"पट्टीवरून? काही त्रास झाला?"

"नाही जी."

"मग तक्रार कसली?"

बाहेर आल्यावर बिसेन सरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "हे गणित मले बी सुटत नाही!"

* * *

कापड दुकानाचे शेठ मात्र पट्टी काढायच्या बाजूचे. "बहेनजी, ग्राहक की गाडी कहाँ लगेगी?"

राऊतबाई म्हणाल्या, "दवाखान्यात लावा. टाके घालायले तिथंच आणाल ना सायकलवाल्या पोरींले!"

* * *

बिसेन सरांची मुलगी कॉलेजला सायकलनं जायची. पट्टी जाणार हे कळल्यापासून सर रोज स्कूटर घेऊन तिच्या मागं. जरा ट्रक दिसला की हॉर्न!

एक दिवस पोरगी रस्त्यातच उतरली. "बाबा, मले ट्रकचा नाही, तुमचाच भेव वाटते! मांगून काऊन हॉर्न वाजवून राहिले?"

सर आम्हाला हे हसत सांगत होते. पण चहा अर्धाच ठेवून पुन्हा स्कूटर काढली, तिच्या मागं.

* * *

आणि जेसीबी आली. आम्ही पोचलो तोवर शाळेकडचे दगड उपटून झाले होते. राऊतबाईंनी सायकल थेट मशीनसमोर आडवी टाकली.

ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, मेरी ड्यूटी है!"

"माही बी ड्यूटीच हाये. तू आधी चालव, मंग माही सुरू होते!"

तो इंजिन बंद करून खाली उतरला. अर्धी पट्टी वाचली. उरलेली कधी जाईल, याची धास्ती मात्र गेली नाही.

* * *

पुढच्याच आठवड्यात, दगड काढलेल्या भागात, एका जीपनं कटरेमामांना उडवलं. पाय मोडला. प्लास्टर राऊतबाईंनीच केलं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन मामी निघाल्या. त्यांना सायकल येत नव्हती. कॅन लटकवलेली मामांची सायकल हातानं ढकलत, त्या रस्त्याच्या मधोमध चालू लागल्या; दगड काढलेल्या जागी आता गाड्या लावलेल्या होत्या. मागं ट्रक, जीप, बस, सगळ्यांची रांग! हॉर्नचा नुसता गोंगाट. आम्ही टपरीवरून जीव मुठीत धरून पाहत होतो.

रांगेत साहेबांची गाडीही होती. काच खाली झाली. "अहो बाई, बाजूनं चाला ना!"

मामी थांबल्या. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"बाजू कोठी हाये, साहेब?"