डावीकडं बघताना

मुखेडच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका. खो-खोच्या सामन्यात पंच म्हणून उभी होते, डावीकडं बघितलं आणि पळणारी मुलगी दोन झाली. कुणाला हात लागला, कळेना. सरळ बघितलं की सगळं ठीक. चष्म्याचा नंबर तपासला, तो निघाला नाही. मग शाळेत कुजबुज सुरू झाली, बाईंना आता उन्हात उभं राहायचा कंटाळा आलाय. सासूबाईंनी दृष्ट काढून बघितली. शेवटी माझीच मला शंका यायला लागली.

नवरा तेवढा म्हणाला, "तू उगं बोलणारी न्हाईस. लातूरला दाखवू."

लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा बांधला. आत अंधार आणि एक हिरवा ठिपका. मान न हलवता नजरेनं त्याच्यामागं जायचं. ठिपका उजवीकडं उडी मारायचा, मधे यायचा, डावीकडं गेला की त्याचे दोन व्हायचे. आतले कॅमेरे माझा एकेक डोळा वेगळा टिपत होते.

मग बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. दोन डोळ्यांच्या दोन रेघा. उजवीकडं जाताना दोघी सोबत. डावीकडं जाताना डाव्या डोळ्याची रेघ झटकन पोचून थरथरत होती, उजव्याची मागून रांगत येत होती.

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना सोबत चालवणारी मेंदूतली वाट बिघडलीय. तुम्हाला दोन दिसत होतं, ते खरंच दिसत होतं."

आजार सापडला म्हणून घाबरायला हवं होतं. मला हसू फुटलं. नवऱ्यानं पडद्याचा फोटो काढून तिथूनच सासूबाईंना पाठवला.

एमआरआयमध्ये बाईंनी सांगितलेल्या जागीच सूज निघाली. सलाईनमधून औषधं झाली, मग गोळ्या. काही आठवड्यांनी पुन्हा तोच चष्मा बांधला. ठिपका डावीकडं गेला आणि एकच राहिला. पडद्यावर दोन्ही रेघा बरोबरीनं पोचल्या. दुखणं उलटू शकतं, तपासणी सोडू नका, असं बाईंनी बजावलं. मी मान डोलावली, पण नजर पडद्यावरून हलेना.

मुखेडला उतरलो तेव्हा बाजार भरलेला. एसटी स्टँडवर लावलेली स्कूटी दोन दिसायला लागल्यापासून नवराच चालवायचा; आज चावी मी त्याच्या हातातून घेतली. तो मागं बसला. भाजीवाल्यांच्या गर्दीतून मी गाडी घरापर्यंत नेली, पाय कुठं टेकवला नाही.