कधीच न झोपणारी आयडी

मी मूळचा नांदेडचा. लातूरला आलो तो एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून. तेव्हा तिथं गल्लीगल्लीत क्लास आणि क्लासच्या मागं मेस असं झालं होतं. मुखेडहून, मुरुडहून, पार परभणीकडून मुलं-मुली यायची, बारावी करायची आणि जायची. माझं काम म्हणजे रविवारच्या टेस्टच्या उत्तरपत्रिका मशीनमधून काढायच्या, निकाल लावायचा, आणि दोघांच्या चुका हुबेहूब सारख्या निघाल्या की त्यांचे नंबर सरांना द्यायचे. हे शेवटचं काम मला फार चांगलं जमायचं.

राहायला क्लासच्याच वरच्या मजल्यावर एक खोली होती. संध्याकाळी गर्दी ओसरली की मी खाली ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचो. जगभरातले लोक तो मिळून खेळायचे. प्रत्येकाचं एक गाव. लाकूड, माती, धान्य जमवायचं, घरं बांधायची, भोवती भिंत घालायची. तुम्ही उठून गेलात तरी गेम थांबायचा नाही. तुमचा डोळा लागला की कुणीतरी येऊन धान्य लुटून न्यायचं.

दोन वर्षं खेळल्यावर गेमवाल्यांनी मला मॉडरेटर केलं. पगार नव्हता. पण कुणाविरुद्ध तक्रार आली की त्याच्या नोंदी उघडून बघायच्या आणि दोषी वाटला तर आयडी बंद करायची, हा अधिकार मिळाला. क्लासमध्ये मला शिपाईसुद्धा ‘ए ऑपरेटर’ म्हणून हाक मारायचा. इथं मात्र कुठल्या कुठल्या देशांतली माणसं माझ्यापुढं अर्ज करत होती. मला ते आवडायचं.

एकदा एकाच आयडीविरुद्ध सात-आठ जणांची तक्रार आली. त्यांचं म्हणणं, या गावावर कुठल्याही वेळी चाल करून जा, हा जागाच असतो. फौज पोचायच्या आत धान्य हलवलेलं असतं, भिंतीवर माणसं उभी असतात. हा एकटा माणूस नाही, तिघं-चौघं पाळीनं खेळतात, नाहीतर कॉम्प्युटरला काहीतरी प्रोग्राम लावून ठेवलाय.

मी नोंदी काढल्या. दीड महिन्याच्या नोंदीत दीड तासाचासुद्धा सलग खंड नव्हता. रात्री एक वाजता हालचाल, अडीचला हालचाल, पहाटे साडेतीन ते पाच तर दर दोन मिनिटांनी. गेमचा नियम स्वच्छ होता: एक आयडी, एक माणूस. नियमाप्रमाणे मी आधी खुलासा मागवला.

उत्तर तुटक्या इंग्रजीत आलं, आणि मधेच इंग्रजी अक्षरांत मराठी. तो लिहीत होता, मी एकटाच आहे, मला झोप नसते.

मराठी बघून खरं तर मी सावरून बसायला हवं होतं. झालं उलटं. बाकीच्या मॉडरेटरांना माहीत होतं की मी इकडचा. आपल्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी जास्तच कडक झालो. विचारलं, किती दिवसांपासून झोप नाही? दोन शब्दांचं उत्तर आलं: अठरा वर्षं.

माझी चेष्टा चालवलीय असं मला वाटलं. मी निकाल इंग्रजीत लिहिला. नोंदी तपासल्या आहेत, कुठलाही माणूस इतका जागा राहत नाही, आयडी कायमची बंद करण्यात येत आहे. आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, एक ओळ मराठीत टाकली: ‘थापच मारायची तर पटेल अशी तरी मारा.’

त्या निकालाचं मला समाधान वाटलं होतं.

आमच्या क्लासचे पेपर टाइप करून द्यायचे ते समोरच्या गल्लीतले एक चाचा. पन्नाशीचे, बारीक, दाढी पांढरी. डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान, मागच्या अर्ध्या भागात राहणं. एकटेच. रसायनशास्त्राची समीकरणं त्यांच्याइतकी बिनचूक लातुरात कुणी करत नसे. संध्याकाळी हस्तलिखित द्यावं आणि सकाळी पेपर तयार मिळावा, असं दोन वर्षं चाललं होतं. हे काम ते करतात कधी, असं मी कधी विचारलं नव्हतं.

त्या महिन्यात त्यांच्या पेपरात चुका यायला लागल्या. एकदा एक अख्खा प्रश्न दोनदा आला. सरांनी मला पाठवलं, म्हणाले, काय झालंय बघून ये. मी गेलो तेव्हा दुपार होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी चूक लगेच मान्य केली. म्हणाले, हल्ली रातच्याला कामात ध्यान राहत नाही. मग थोडं घुटमळून स्क्रीन माझ्याकडं वळवली.

‘‘सर, एक काम होतं. तुम्हाला इंग्रजी चांगलं येतं. हे जरा वाचून सांगता का? खालची मराठीची ओळ वाचली मी. वरचं काय लिवलंय ते नीट कळंना.’’

स्क्रीनवर माझा निकाल होता.

मी बराच वेळ वाचत असल्यासारखा उभा राहिलो. शेवटी म्हणालो, ‘‘चाचा, ते म्हणतात, कुठलाही माणूस इतका जागा राहत नाही.’’

‘‘हां,’’ ते म्हणाले. ‘‘म्हंजे माणूस न्हाई असं वाटलं त्यांला.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. गाव किल्लारीच्या बाजूचं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. भूकंपाच्या आदल्या वर्षापासूनच जमीन अधूनमधून गुरगुरायची, लोक बाहेर झोपायचे, मग कंटाळून पुन्हा घरात यायचे. त्या दिवशी गणपतीचं विसर्जन बघून चाचा उशिरा आले आणि पडल्या पडल्या झोपले. पहाटे बायकोनं हलवून उठवलं. म्हणाली, खालून आवाज यायलाय, बाहेर चला. चाचांनी कूस बदलली.

‘‘झोप म्हनलं मी तिला. रोजचंच हाय म्हनलं. ती झोपली. माझं ऐकायची ती.’’

दगडमातीची भिंत तिच्या बाजूची खाली आली. चाचांना दुपारी बाहेर काढलं.

पुढं नवीन गावात त्यांना घर मिळालं होतं. सरळ रस्ते, सारखी घरं, दारावर नंबर. तिथं मन लागेना म्हणून लातूरला आले, टायपिंग शिकले. रात्र काढायला काम होतं, आणि काम संपलं की हा गेम. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं शिकवला होता.

नोंदी मी दीड महिन्याच्या बघितल्या होत्या. त्यात एक गोष्ट समोर असून मला दिसली नव्हती, ती तिथं उभ्या उभ्या दिसली. या माणसानं कधी कुणावर चाल केली नव्हती. दुसरं गाव वसवलं नव्हतं. आहे त्या एका गावाची राखण, एवढंच तो करत होता.

मी पेपर घेतला आणि आलो.

त्याच संध्याकाळी मी मुख्य मॉडरेटरला लिहिलं. ती परदेशातली कुणी बाई होती, बोलायला सभ्य. तिनं उत्तर दिलं की दुःखाची गोष्ट आहे, पण अशा गोष्टी सगळेच सांगतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवा. बंद केलेली आयडी तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते, तेव्हा त्याच्या आत. आठ दिवस उरले होते.

आता चाचांना सांगणं भाग होतं. दोन दिवस मी त्या गल्लीतून जायचंच टाळलं. तिसऱ्या दिवशी गेलो, स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ‘‘चाचा, ती आयडी मीच बंद केली. ती खालची ओळ पण माझीच.’’

त्यांचे हात कीबोर्डवर थांबले. मग त्यांनी चालू असलेली ओळ पुरी केली, सेव्ह केली, आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘तुम्ही कुठं होता त्या राती?’’

‘‘नांदेडला. लहान होतो. घरचे म्हणतात भांडी वाजली. मला जाग आली नाही.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले.

मी सर्टिफिकेटचं सांगितलं. ओळखीचे डॉक्टर आहेत, मी येतो बरोबर, आजच जाऊ. चाचांनी मान हलवली.

‘‘डॉक्टर काय लिवनार? झोप येत न्हाई असं लिवतील. मला येती हो झोप. लई येती. मीच घेत न्हाई.’’

मी म्हणालो, की नवीन आयडी काढून देतो, पहिल्यापासून लवकर वाढवता येईल असं शिकवतो. ते नको म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून नको, एवढंच. आणि मला चहा पाजला. माझं चुकलं असं ते म्हणाले नाहीत, नाही चुकलं असंही म्हणाले नाहीत. मी तेवढ्यासाठी बराच वेळ बसून होतो.

मुदत संपली तशी ती आयडी पुसली गेली. नकाशावर त्या जागी नुसता हिरवा चौकोन आला. मी मॉडरेटरचं काम सोडलं. गेमवाल्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की तुमचे निकाल नेहमी निःपक्ष असत. क्लासमध्ये मात्र सारख्या चुकांचे नंबर मी देत राहिलो. ती नोकरी होती. फक्त नंबर देण्याआधी हात थबकायला लागला. सर एकदा म्हणाले, तू पूर्वीसारखा राहिला नाहीस.

माझ्या खोलीच्या खिडकीतून चाचांच्या दुकानाचा मागचा झरोका दिसायचा. दोन वर्षांत मी कधी तिकडं पाहिलं नव्हतं, कारण रात्री मी झोपलेला असायचो. आता मला मधेच जाग यायची. उठून बघायचो. दिवा असायचा. पुन्हा पडायचो, तासाभरानं पुन्हा उठायचो. तिकडं दिवा आहे एवढं कळल्याशिवाय चैन पडत नसे, आणि कळलं तरी पडत नसे.

पावसाळ्याच्या शेवटी एका पहाटे झरोक्यात अंधार होता. मी चप्पल न घालताच धावत गेलो. शटरवर थाप मारली. आतून लगेच आवाज आला, ‘‘कोण हाय?’’ गल्लीच्या कोपऱ्यावरचा डीपी जळला होता, सगळ्या गल्लीचीच लाइट गेली होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चाचांनी शटर अर्धं वर केलं. आत अंधारात खुर्ची भिंतीपासून दूर, दाराच्या तोंडाशी ओढून ते बसले होते. मला त्यांनी पायरीवर बसायला सांगितलं. आम्ही उजाडेपर्यंत तिथंच बसलो. साडेतीनच्या सुमाराला ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘ह्याच टायमाला ते गाव बरं पडायचं. हाताला काम राहायचं.’’

पुढच्या वर्षी मी नांदेडला परत आलो. एकदा लातूरला गेलो तेव्हा त्या जागी मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. चालवणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, चाचा उदगीरला बहिणीकडं गेले म्हणतात. कसे आहेत, त्याला माहीत नव्हतं. त्यानं कुठून तरी त्यांचा नंबर मिळवून दिला. तो माझ्या फोनमध्ये आहे. लावायचा ठरवतो तेव्हा दर वेळी पहाट झालेली असते, आणि एवढ्या पहाटे कुणाला फोन करावा, असं मनात येतं. मग आठवतं की या एका माणसाला केला तरी चालेल. तरी अजून केलेला नाही.