मॅडमच्या मागची हिमनदी

आधी तुम्ही आम्हाला घाबरायला शिकवलंत, आणि मग ‘आत्मविश्वास कमी’ म्हणून मार्क कापलेत! कोणाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळूनही ते पेपर वाचत बसतील.

ऐंशीचं दशक संपताना आम्ही ठाण्यातल्या एका कॉलेजात भूगोल घेऊन एम.ए. करत होतो. अजून नौपाड्यात चहाला जमतो. एकाने सेमिनारचा विषय काढला, की दुसऱ्याला त्याहून वाईट आठवतं. हसून हसून पोट दुखतं.

*

पद्धत अशी, की प्रत्येकाने अंधाऱ्या खोलीत स्लाइड्स दाखवत सेमिनार द्यायचा. स्लाइड्सचा डबा विभागाचा, एकच, आणि आतल्या सगळ्या स्लाइड्स परदेशातल्या. त्यात एक उंट होता. वाळवंटावर बोलणाऱ्याने उंट दाखवला. वाहतुकीवर बोलणाऱ्यानेही उंटच! आंबिवलीचा सुधीर पशुपालनावर बोलायला उभा राहिला, तेव्हा पडदा उजळायच्या आधीच पोरं ओरडली, “आला रे आला!”

सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, कडाडले, “हसता काय? ह्या उंटावर किती बॅचेस पास झाल्यात!”

*

डोंबिवलीच्या विद्याचा हात इतका थरथरत होता, की तिच्या छडीची सावली पडद्यावरच्या पठारावर नाचायला लागली.

“अगं, भूकंप आणू नकोस!” सर म्हणाले. खोली खदखदून हसली.

विद्या जागेवर जाऊन बसली. तिचा उरलेला सेमिनार आम्ही कधीच ऐकला नाही.

*

कल्याणच्या महेशच्या वेळी लाइट गेली. तो एवढा घाबरलेला, की पाठ केलेलं मध्येच थांबवायची हिंमत होईना. काळ्याकुट्ट खोलीत बोलतच राहिला, “इथे आपल्याला स्पष्ट दिसतं की...” लाइट आली तेव्हा तो आभार मानत होता.

“व्हेरी क्लिअर!” सर म्हणाले. “ह्याला म्हणतात प्रेझेंटेशन!”

*

एकदा सर युरोपची टूर करून आलेले. स्वतःच्या स्लाइड्स दाखवायला बसले. प्रत्येक स्लाइडमध्ये त्यांच्या मॅडम, लाल स्वेटर घालून, पर्स पुढे धरून.

सुधीरने भीत भीत विचारलं, “सर, हिमनदी कुठाय?”

“मॅडमच्या मागे.”

“मग मॅडम...?”

“स्केल! माणूस उभा असला की आकाराचा अंदाज येतो. लिहून घ्या.”

आम्ही लिहून घेतलं!

*

आणि नंदा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, घरात एवढं शिकलेली पहिलीच. तिला एम.फिल. करायचं होतं. सरांकडे जागा एकच, आणि ती सेमिनारच्या मार्कांवर मिळणार होती. उभी राहिली तेव्हा तिच्या हातातल्या रुमालाचा पिळा झाला होता.

तिने विभागाच्या डब्याला हात लावला नाही. चुलतभावाचा कॅमेरा घेऊन आपली खाडीच टिपून आणली होती. खाडी गाळाने कशी भरत चाललीय, हा विषय. पहिली स्लाइड तिने घाईघाईत उरकली. मग पडद्यावर काष्टा मारलेली एक बाई आली, कमरेपर्यंत चिखलात.

“पूर्वी इथून ओहोटीलाही होडी जायची,” नंदा म्हणाली. रुमाल आता टेबलावर होता. “ह्यांचे पाय जुन्या तळावर आहेत. वरचा सगळा गाळ नवा.”

“कोण ही?” सरांनी विचारलं.

“माझी आई, सर.”

“सेमिनारमध्ये घरची माणसं?”

“स्केलसाठी, सर.”

 

“स्केल प्रमाणित लागतं,” सर म्हणाले. “तुझ्या आईची उंची प्रमाणित आहे? केवढीशी ती बाई! नेक्स्ट!”

जागा महेशला मिळाली.

निकालाच्या दिवशी आम्ही नंदाबरोबर तिच्या घरी गेलो. आई दारात सुकट निवडत बसलेली. नंदाने सांगितलं, जागा गेली, सरांना तुझी उंची पटली नाही. आईचा हात थांबला.

“माजी उंची नाय चालली?” ती म्हणाली. “मंग तुज्या मावशीला उबी करू गो, ती माज्यापेक्षा उंच हाय!”